मागितलेलं पाणी

पोलादपूर

अश्वजित,

जयभीम. मी ख्रिस्ती झाल्यापासून तू माझा जयभीम घेत नाहीस, तरी लिहिते.

माझे पाय गेले आहेत. डॉक्टर म्हणतात, आजार वर चढेल, पुढे बोलणंही जाईल. औषध नाही.

पाणी हक्कानं घ्यायचं, कुणाकडे मागायचं नाही, हे आपल्या बाबांनी आपल्याला महाडच्या तळ्याकाठी नेऊन शिकवलं. म्हणून परवा मी दुपारभर तहानलेली पडून राहिले. शेजारची राहीबाई वैतागली. "तोंड उघडून मागा की, बाई. मला काय मनातलं कळतंय?"

मी मागितलं. फार लाज वाटली. मग आठवलं, क्रुसावर येशूनंही तहान लागल्याचं सांगितलं होतं. इतकी वर्षं प्रार्थना केली, पण तो माझ्यासारखाच आहे हे त्या घोटाबरोबर कळलं.

मी बरी होणार नाही. मागण्याचं बळ तेवढं आलं आहे. म्हणून मागते, मला बोलता येतंय तोवर एकदा ये.

हे पत्र टाकायला राहीबाईला सांगावं लागेल. ती विचारील, "भाऊ येईल ना?" 'येईल' असं खोटं मला सांगता येत नाही, म्हणून हे पत्र उशीखालीच ठेवते आहे.

तुझी,
आम्रपालीताई