किल्ली फळ्यावर, पाहुणा बाहेर

चि. भिंगरीस,

मामाचे तोंडभरून आशीर्वाद. तब्येत कशी आहे? (फोनवर "ठीक" म्हणतेस, पण ते तू अंगात ताप असतानाही म्हणायचीस.) इकडे आपलं लॉज, मामीचे गुडघे आणि मी, तिघेही आपापल्या जागी टिकून आहोत. दोनदा सुट्टीत येते म्हणालीस आणि दोन्ही वेळा तुझं ऑफिस आडवं आलं. तक्रार नाही, आपलं आठवलं म्हणून लिहिलं.

पत्राचं कारण असं की तुझ्या मामाने एक मोठं काम केलंय आणि मामीला त्याचं काडीचं कौतुक नाही. तू नोकरीवर गेलीस आणि मागे काउंटरवरच्या तुझ्या कॉम्प्युटरने मान टाकली. दुरुस्तीवाल्याने तो पार पुसून नव्याने भरला. पाहुण्यांच्या नोंदी परत आल्या, बिलं आली, आणि पडद्याच्या खालच्या पट्टीवरची तुझी चित्रंही जशीच्या तशी आली. ती रंगांची पेटी, ते गाण्यांचं, तो पत्त्यांचा डाव. पण नुसती चित्रंच, आत काही नाही. तेव्हापासून सकाळी मशीन चालू केलं की पाटी वर येते: हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर नाही, शॉर्टकट काढून टाकू का? एकीला वाटेला लावावं तर दुसरी हजर. समोर पाहुणा बॅग धरून ताटकळतोय आणि हे आपलं घरातली उणीदुणी चारचौघांत काढतंय.

दुसरा कुणी असता तर गांगरला असता. माझी हयात किल्ल्यांच्या फळ्यासमोर गेली आहे. किल्ली फळ्यावर आहे आणि माणूस खोलीत नाही, याचा अर्थ काय? पाहुणा बाहेर गेलाय, येईल. म्हणून कुणी ती किल्ली भंगारात देतं का? एवढी साधी गोष्ट त्या मशीनला कुणी शिकवलेली नाही. तेव्हा मी रोज प्रत्येक पाटीला शांतपणे "नाही" म्हणतो. परवा औषध कंपनीचा एक विक्रेता म्हणाला, काका, एकदा "हो" म्हणून टाका, कटकट मिटेल. त्याला फळ्यासमोर उभं करून मी सगळं तत्त्व असं काही समजावलं, की गडी चहा न घेताच खोलीत गेला. (मामी म्हणते, पळाला.)

मग एकदा तो दुरुस्तीवाला आला. ही रिकामी चित्रं त्याच्याही डोळ्यांत खुपत होती. त्याचा हात माउसकडे गेला तसं मी मनगटच धरलं. म्हटलं, बाबा रे, ही पेटी ज्या मुलीची आहे ना, ती याच स्टुलावर बसून पाहुण्यांच्या पोरांची चित्रं काढायची, आणि आज मोठ्या ऑफिसात त्याच कामाचा पगार घेते. तिला सगळं येतं. तिच्या वस्तूला तिच्या माघारी हात लावायचा नाही. त्याने हात मागे घेतला. मलाच जरा भरून आलं, पण काउंटरवर ते बरं दिसत नाही, म्हणून उगाच बिलं चाळत बसलो.

एकूण काय, मशीन माझ्या मुठीत आहे. तू निर्धास्त राहा.

तुझा,
मामा

ता. क. काल मामी काउंटर पुसत होती. "बिचारं एवढं नम्रपणे विचारतंय, रोज काय त्याला नाही म्हणायचं," म्हणून तिने "हो" दाबलं. रंगांची पेटी गेली. गाणी आणि पत्ते तेवढे वाचले. तेव्हापासून ती भाजीत मीठ विसरतेय, म्हणून तिला काही बोलू नकोस. जिन्याजवळच्या तुझ्या खोलीची किल्ली मात्र फळ्यावरच आहे. लॉज भरलेलं असतानाही ती खोली मी कुणाला दिलेली नाही. पाहुणा बाहेर गेलाय, असं सांगतो.

ता. क. आणखी एक. दुरुस्तीवाला म्हणतो, ताईंना तिथे बसल्या बसल्या इथलं मशीन उघडून सगळं पूर्ववत करता येईल, एवढ्या लांब यायची गरजच नाही. मी त्याला ठणकावून सांगितलं, आमच्या भिंगरीला तसलं काही येत नाही, तिला इथेच यावं लागेल. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याबद्दल कमीपणाचं बोललोय. आता मला खोटं पाडू नकोस.