दणदणीत वीट

स्किप्टन, १ सप्टेंबर १९५८

प्रिय एडविनदादास,
स. न. वि. वि.

शनिवारी तुमच्या केटलबेकच्या प्रदर्शनात केकची परीक्षक म्हणून आले आणि तुला न भेटताच परतले, म्हणून रागावू नकोस. तुझं दार मी दोनदा ठोठावलं. गुडघा दुखतोय, मंडपात येणार नाही, असं तू डोरीनकडून कळवलं होतंस. मग दुखऱ्या गुडघ्यानं गेला होतास कुठे? पुढे बक्षिसं वाचायच्या आधीच मला चारची बस गाठावी लागली. परीक्षक परगावचा, बशीवर नुसता नंबर आणि बशीखाली नावाची घडी घातलेली चिठ्ठी, हा तुमचा नियम. त्यामुळे मी कुणाकुणाचं नाक कापलं ते मला अजून ठाऊक नाही.

पण एक मजा सांगते. सात नंबरच्या बशीत शहाजिऱ्याचा केक होता. सुरी वाकते की काय असं वाटलं. प्रत्येक बशीपाशी परीक्षकाने दोन शब्दांचा शेरा ठेवायचा असतो, तर मी लिहिलं, 'दणदणीत वीट. घराच्या पायात घालावी.' पाद्रीबुवा वाचून इतके हसले की त्यांच्या कोटावर चहा सांडला. कुणा नव्या नवरीचा असेल बापडीचा. आपली मार्जरीवहिनी असती तर तिनं त्या पोरीला जवळ बसवून शिकवलं असतं. वहिनीच्या हातचा तो दणदणीत केक आठवला आणि बसमध्ये डोळे भरून आले.

लोभ आहेच, तोही दणदणीत राहू दे.
तुझी विनी

केटलबेक, ४ सप्टेंबर

चि. विनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघा बरा आहे. शनिवारी मी मंडपातच होतो, मागे, कांद्यांच्या टेबलापाशी. तू घाईत दिसलीस म्हणून हाक मारली नाही. यंदा शेंगा बऱ्या आल्यात. तांबडी कोंबडी खुडूक बसलीय.

त्या सात नंबरात नेमकं काय चुकलं होतं? आच जास्त झाली, की लोणी कमी पडलं? मला त्यातलं काही कळत नाही, आपलं सहज विचारतो.

लोभ असावा.
एडविन

केटलबेक, ७ सप्टेंबर

ती. विनीआत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी सांगू नकोस म्हणून बजावलंय, तरी लिहिते. सात नंबरची बशी बाबांची होती.

आई गेल्यापासून त्यांनी ओव्हनला हात लावला नव्हता. यंदा वसंतात एका रविवारी बघते तर आईचा एप्रन बांधून उभे. तिनं कृती कुठे लिहून ठेवलेली नव्हती. इतकी वर्षं टेबलाशी बसून तिचे हात पाहिले होते, तेवढ्यावर करत गेले. फसला की कोंबड्यांना घालायचे, पुन्हा करायचे. ऑगस्टमध्ये म्हणाले, आता जमला. त्या घडीतलं नाव वाचताना तुझा चेहरा त्यांना बघायचा होता, म्हणून गुडघ्याचं सोंग.

तुझा शेरा त्यांनी घड्याळामागे ठेवलाय. मंगळवारी केकचं भांडं चॅपलच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन आले. तेव्हापासून ओव्हन पेटलेला नाही, डब्यातलं सूप थंडच पितात. एप्रन कुठे गेला ते विचारायचं मला धैर्य होत नाही.

शाळेत शिकवताना मुलांच्या वाक्यांत 'दणदणीत'सारखी विशेषणं मीच हौसेनं घालून घेते. नुसतं 'वाईट' काय लिहिता, जोरदार काहीतरी लिहा, असं सांगते, आणि उदाहरणं तुझीच देते. या आठवड्यात तोंडून निघेना. मी तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावलेय.

माया कमी करू नकोस.
डोरीन

स्किप्टन, १० सप्टेंबर

प्रिय दादास,
स. न. वि. वि.

डोरीननं सगळं कळवलं. तिला बोलू नकोस. मी दणदणीत मूर्ख आहे. मंडपात मागे उभा राहून तू तो शेरा वाचलास, लोकांचं हसू ऐकलंस, आणि वर मीच तुला ती गंमत म्हणून लिहून पाठवली. तुझं पत्र आता पुन्हा वाचलं. लोणी कमी पडलं का, हे विचारलंस ना, ते वाचवत नाही.

केक वाईट नव्हता रे. सकाळपासून चाखून चाखून जीभ मेली होती. शेरा लिहिताना केकचा विचारच डोक्यात नव्हता, पाद्रीबुवा हसतील याचाच होता. खरं तर चांगला दणदणीत झाला होता तुझा केक. मी कमिटीला लिहून शेरा मागे घेते.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.
विनी

केटलबेक, १३ सप्टेंबर

चि. विनीस,
अ. उ. आ.

कमिटीला काही लिहू नकोस. वीटच होती ती. मीही खाल्ली आहे. वीट म्हटल्याचं मला दुःख नाही.

पण ऐक. ऑगस्टमध्ये पहिला घास तोंडात टाकला आणि मी खुर्चीत बसूनच राहिलो. चव मार्जरीच्या केकची होती. रतिभर कमीजास्त नाही. तिचा केक तू आयुष्यभर खाल्लास, दर वेळी दणदणीत म्हणालीस. तोच केक नाव झाकून पुढे आला, तर वीट झाला. मग इतकी वर्षं तू माझ्या बायकोला मनात हसत होतीस का? माझ्याच टेबलाशी बसून?

मला एवढंच सांग. विशेषण न लावता सांग.

एडविन

स्किप्टन, १६ सप्टेंबर

प्रिय दादास,
स. न. वि. वि.

वहिनीचा केक कोरडा असायचा.

तुमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा तिनं तो माझ्यासाठी केला होता. हात पुसत उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, दणदणीत. मग मागे फिरता आलं नाही. हसत नव्हते, दादा. पण खरंही बोलत नव्हते, आणि पुढे तो शब्द मी येईल त्या गोष्टीला लावत सुटले.

मी नेहमी दुसरा तुकडा मागायचे. वहिनी दिवसभर उभी असायची, तुझ्या लक्षात आलं नसेल. मी खात असेपर्यंत ती समोर बसायची. एवढाच वेळ बसायची. म्हणून मागायचे. शनिवारी समोर ती नव्हती, आणि मला तिचा केक ओळखता आला नाही. याची मला लाज वाटते.

केकचं भांडं विक्रीतून परत घ्यायला मी डोरीनला सांगितलंय. ठेवायचं की नाही ते तू ठरव.

तुझी विनी

केटलबेक, २० सप्टेंबर

चि. विनीस,
अ. उ. आ.

भांडं पोचलं. चॅपलमध्ये कुणीतरी त्यात बटणं भरून ठेवली होती. धुतलं.

तू यायची असलीस की मार्जरी मोठी किटली काढायची. पाद्रीबुवा येवोत नाहीतर माझे गिरणीतले लोक येवोत, त्यांना लहानच. एकदा मी म्हटलं, एकट्या विनीसाठी एवढा चहा कशाला? तर म्हणाली, "बिचारीला दोन तुकडे गिळायचे असतात." तेव्हा मला काही कळलं नाही. मला वाटलं, तुला खोकला असेल.

रविवारी ये. केक तोच असेल, लोभही तोच. मोठी किटली घासून ठेवलीय.

एडविन