खांद्यावर नको, चाकांवर या

रविवार, १२ जानेवारी

आज हर्षलच्या खांद्याला चावले. रक्त येईपर्यंत. तोंडात अजून ती चव आहे आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

माळावरच्या शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात गेलो होतो. जखमी घारी, ससाणे, गरुड आणून बरे करतात तिथे. मिरजगावात राहून मी अजून पाहिलं नव्हतं. दारातच पायऱ्या. मी म्हटलं, थांब, आत कुणाला तरी विचारू. पण माझे बंधुराज! विचारणं नाही, सांगणं नाही — चाकाच्या खुर्चीतून उपसलं आणि कांद्याच्या गोणीसारखं खांद्यावर टाकलं. डोकं खाली, कुर्ता वर. शाळेची सहल आली होती. पोरं फिदीफिदी हसली. त्यांच्या बाई म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा." तेव्हाच दात रोवले.

आत मोठ्या जाळीत मोरघार होती, विजेच्या तारेनं पंख भाजलेली. आम्हाला तसं बघून बिथरलीच. जाळीवर आपटली, परत आपटली, बरा होत आलेला पंख पुन्हा रक्ताळला. तिथले अमृत सर धावत आले. "खाली ठेवा ताईंना, आधी खाली ठेवा!" मग कुणीतरी माझी खुर्ची आत आणली आणि हर्षलला बाहेर काढलं.

मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती खाली उतरली, उंदीर पायाखाली दाबला आणि फाडला. एका ओढीत आतडी बाहेर. मला कबड्डीचं मैदान आठवलं — समोरची पोर गुडघ्यावर आली की जी झिंग चढायची, ती आज चढली. चार वर्षांनी चढली.

गुरुवार, १६ जानेवारी

अमृत सरांचा फोन. वाटलं, झापणार. तर म्हणाले, उंच काही अंगावर आलं की मोरघार घाबरते, पण खुर्चीतल्या माणसासमोर निवांत खाते, हे मी पाहिलं. पिंजऱ्यांसमोर दिवसभर बसून कोण खातं, कोण कुणावर झडप घालतं, हे टिपायला माणूस हवंय. पगारी काम! बसून राहण्यात माझा हात कोण धरणार?

"फक्त खांद्यावर नको, चाकांवर या," म्हणाले. आत सगळं सपाट आहे, दारापुढे उतार बांधून घेणार आहेत.

फोन ठेवून उशीत तोंड खुपसून ओरडले.

शनिवार, १८ जानेवारी

घरात महाभारत. हर्षलनं तांब्या भिंतीवर फेकला. "उतार कशाला? मी मेलो का? लोकं म्हनतील, भावाला बहीन जड झाली!"

मी ताट फेकलं. त्याच्या कपाळाला लागलं. म्हटलं, तुझी अब्रू माझ्या ढुंगणाखाली ठेवू नकोस, मला बसायला टोचते. त्यानं माझ्या खुर्चीला लाथ घातली, मी त्याचे केस धरले. गेली चार वर्षं आम्ही बोलतो कमी, हाणामारी जास्त.

आई भाकऱ्या थापत होती. एवढंच म्हणाली, "ज्ञाना, कशाला जातीस बाय? मी हाय की." आई कुणाचीच बाजू घेत नाही. मॅचहून परतताना जीप उलटली, वडील जागीच गेले, माझे पाय गेले — तेव्हापासून ती अशीच.

शुक्रवार, २४ जानेवारी

रामहरी गवंड्यानं उतार बांधला. सरांनी फोटो पाठवला. वर ओली पोती टाकलीत, आठवडाभर पाणी मारायचं. फोटो मोठा करकरून पाहतेय.

गुरुवार, ३० जानेवारी

फोडला! सकाळी सरांनी फोटो पाठवला. मधोमध पहारीचे घाव, कडा तुटलेल्या, पोती चिखलात. मी लगेच सांगून टाकलं, हे हर्षलचंच काम. सर म्हणाले, "परत बांधू हो, पण घरातूनच एवढा विरोध असेल तर मलाही विचार करावा लागेल. उद्या पक्ष्यांना काही केलं तर?" म्हणजे काम गेल्यात जमा.

हर्षल मला बाजेवरून उचलायला वाकला. पाट्यावरचा वरवंटा हाताशी होता. मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. तो खाली बसला. एकदा आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मार अजून," म्हणाला.

मारला. दुसरा त्याच खांद्यावर बसला, जिथे चावले होते. तो हललासुद्धा नाही. आईनं वरवंटा हिसकावून अंगणात भिरकावला, तेव्हा थांबले. शेजारचे सहादेवकाका त्याला नगरला घेऊन गेले.

पंजे असते तर डोळे काढले असते.

शनिवार, १ फेब्रुवारी

हर्षलचा हात प्लास्टरमध्ये. म्हणून आज आईनं मला एकटीनं उचललं. तिचे तळहात दंडांना लागले — ओले, चिकट. हात उलटे करून पाहिले. सगळे फोड, फुटलेले. तिचे खुरप्याचे घट्टे मला पाठ आहेत, हे तसले नव्हते.

ती म्हणाली, "तू चाकावर गेलीस, मंग मला उचलायला कोन ऱ्हाईलं?"

उतार फुटला त्या पहाटे हर्षलनं तिला पहार घेऊन माळावरून येताना बघितलं होतं, हेही तिनंच सांगितलं. तो पलीकडच्या खोलीत पडलाय. मला त्याच्याकडे जायचंय. मध्ये उंबरा आहे, आणि उचलायला आईला हाक मारायची माझी हिंमत होत नाही.