लव्हालची तीन मतं

वॉटर्लू,
१३ नोव्हेंबर २०१६

ती. अरुणामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा नियम पाळून हातानेच लिहिते आहे. दहाव्या वर्षापर्यंत तुझ्या डायनिंग टेबलावर शिकलेल्या मुलीला ईमेलमध्ये मन मोकळं करता येत नाही, हा तुझ्या शाळेचा दोष.

मी आपल्या मराठी मंडळाची अध्यक्ष झाले हे तुला ठाऊक आहेच. कशी झाले, त्याचीच टोचणी लागली आहे. आजवर वॉटर्लू, कनाटा आणि लव्हाल या तिन्ही शहरांचा मिळून एक अध्यक्ष बिनविरोधच व्हायचा. दिवाळीच्या फराळाला कोणाला तरी कोपऱ्यात गाठायचं आणि तो हो म्हणेपर्यंत चकल्या वाढत राहायचं. या वर्षी पहिल्यांदा दोघं उभे राहिलो, मी आणि उन्मेष. त्यामुळे प्रतापकाकांनी मंडळ काढताना घातलेला निवडणुकीचा नियमही पहिल्यांदाच कोणीतरी वाचला. काका तेव्हा नुकतेच अमेरिकेतून कनाटाला आले होते, आणि तिथलीच पद्धत त्यांनी इथे लावली. वॉटर्लूची पाच मतं, कनाटाची तीन, लव्हालची तीन. ज्या शहरात जो पुढे, त्याला त्या शहराची सगळी मतं. वॉटर्लू उन्मेषचं झालं, बाकी दोन्ही माझी. सहा विरुद्ध पाच. पण माणसं मोजली, तर उन्मेषच्या बाजूची माझ्या जवळजवळ दुप्पट आहेत!

त्यात मंगळवारी अमेरिकेतही कमी मतं मिळालेला उमेदवार जिंकला आणि लोक रस्त्यावर आले. ते टीव्हीवर पाहून काल आमच्या मुलांनी मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये निदर्शनं केली. सगळ्यांत पुढे माझी रूममेट निधी. 'वॉटर्लूचा माणूस अर्धा माणूस?' अशी तिची पाटी. मार्कर माझा होता. विचारून नेला होता, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. संध्याकाळी आम्ही दोघी मिळून ग्रोसरीला गेलो. तिथे कोथिंबीर निवडता निवडता तिने विचारलं, की हे तुला खरंच पटतं का? मी दुसरी जुडी उचलली. तेव्हापासून ती माझ्याशी फार नम्रपणे बोलते. मावशी, तिच्या शिव्या परवडल्या.

२६ तारखेला खास सभा आहे. तिथे पद घ्यायचं की सोडायचं, ते मला सांगायचं आहे. दुसऱ्याच्या खुर्चीवर मी बसणार नाही. पण ही खुर्ची दुसऱ्याची आहे का, तेच कळत नाही. शहाण्या माणसांनी अशी पद्धत का बनवली असेल? रागाने नाही विचारत, खरंच जाणून घ्यायचं आहे.

घरी काकांना नमस्कार. थंडीत पायमोजे घालत जा. माया आहेच, ती या पत्राच्या उत्तरापर्यंत तरी टिकव.

तुझी,
अनुया

लव्हाल,
१८ नोव्हेंबर २०१६

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चुका दोनच, म्हणजे झोप अगदीच उडालेली नाही.

आमच्याकडची मराठी घरं सगळी माझ्या बेसमेंटमध्ये मावतात. डोकी मोजून अध्यक्ष होणार असता, तर आमच्या दारी कोण आलं असतं? तू दिवसभर गाडी हाकत आलीस, आमची मुलं फ्रेंच शाळेत मराठी कशी विसरतात ते ऐकून घेतलंस. उन्मेषने व्हॉट्सॲपवर शुभेच्छा पाठवल्या, त्याही लव्हालऐवजी माँट्रियलच्या नावाने. अमेरिकेतही राज्यं आधी होती, देश मागून झाला. एकत्र यायचं म्हणजे मोठ्यांत विरघळून जायचं का, असं लहान राज्यांनी विचारलं, त्याचं हे उत्तर. एकाच ठिकाणी मतांचा ढीग लावून तिथे भागत नाही, चार ठिकाणी माणसं जोडावी लागतात. मोजणीवरून भांडण झालंच, तर बहुधा एखाद्या राज्यापुरतं राहतं. बाकी देश इंग्रजी बोलतो आणि आमचं क्वेबेक फ्रेंच; इथे इतकी वर्षं काढल्यावर मला हे पुस्तकाशिवाय कळतं.

हे मी भाचीसाठी बोलते असं समजू नकोस. मी मत उन्मेषला दिलं. मावशी म्हणून दिलं असं कोणी म्हणायला नको, आणि तू काळजीने वाळतेस हेही पाहवत नाही. तर तू इथे जिंकलीस, आणि माझं मतही तीन मतांच्या गाठोड्यात तुझ्याकडेच आलं. पद्धत मला पटते, पण ते मात्र खुपलं.

रागावलीस तरी शुद्धलेखन सांभाळून लिही.

तुझी,
अरुणामावशी

वॉटर्लू,
२८ नोव्हेंबर २०१६

ती. अरुणामावशीस,
सा. न. वि. वि.

आधी रडले. मग निधीला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की आमच्यातला तो नम्रपणा संपला. मावशीने उन्मेषला दिलेलं मतसुद्धा पळवलंस, म्हणाली.

पण तुला जे खुपलं, तिथेच मी अडकून राहिले. शहरं मोजण्यात खोट नाही, हरलेल्यांची मतं जिंकणाऱ्याच्या पदरात टाकण्यात आहे. अमेरिकेतही दोन राज्यांत मतं विभागली जाऊ शकतात, हे मी शोधून काढलं.

सभेत तुझ्या टेबलावरच्या शिस्तीने आधी समोरच्यांची बाजू मांडली. टाळ्या पडल्या. मग तुझी मांडली, तेव्हा कोणीतरी चहा झाला का असं विचारलं. मी पद घेते आहे, कारण खेळ संपल्यावर नियम बदलणं मला पटत नाही. मात्र पुढच्या वेळेपासून प्रत्येक शहराची मतं विभागून द्यावीत, असं मी सुचवलं. यंदा तसं झालं असतं तर सहा विरुद्ध पाचच, फक्त उन्मेष जिंकला असता, हेही सांगितलं. त्यावर उन्मेष उठून म्हणाला, की ही बाई स्वतःच्याच विरोधात प्रचार करते, हिच्याशी लढायचं कसं!

मग हा बदल डोकी मोजून करायचा की शहरं, यावर तासभर भांडण. शेवटी ठरलं, की तिन्ही शहरांनी हो म्हटलं तरच. वॉटर्लूने म्हटलं. कनाटानेही म्हटलं, प्रतापकाकांनी कुरकुरत का होईना, हात वर केला.

राहिलं लव्हाल. तुमच्यापैकी सभेला कोणीच नव्हतं, तेव्हा येत्या शनिवारी आम्हीच येतो आहोत. निधी कधी लव्हालला आलेली नाही. काल ती विचारत होती, की तिथे किती घरं, मुलं कोणत्या शाळेत जातात, आणि पहिल्यांदा कोणाकडे चहाला गेलं तर बरं दिसेल. मला तुझं 'चार ठिकाणी माणसं जोडावी लागतात' आठवलं. गाडीला विंटर टायर तेवढे बसवून घेतले.

या खेपेला मत कोणालाही दे, जेवायला मात्र आम्हा दोघींना वाढ.

तुझी,
अनुया