तुमची बदकांची हाक

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवू गेले तर बोलणं आठवतच नाही, आठवते ती तुम्ही बदकांना घातलेली हाक. परसातल्या चुलीशेजारी बसून तुम्ही, खऱ्या बदकांना भुलवायला तळ्यात सोडायच्या वाळक्या भोपळ्यांना काजळी फासायचात, चोचीच्या जागी लाकडाची चीप ठोकायचात आणि मधूनच गळ्यातून असा आवाज काढायचात की आईची भाकरी परातीतच थांबायची. "तळ्यावर जाऊन ओरडा, इथं कुठली बदकं यायचीत," म्हणायची ती. ते ऐकून ऐकूनच मी उचललं. पोरीला शिकारीला कोण नेतंय.

आता मी लेकाकडे अ‍ॅमस्टेलव्हीनला असते. इथं बदकं कोंबड्यांसारखी दाराशी फिरतात. एकदा कालव्याकाठी नातीला हसवायला मी तुमची हाक दिली, तर शेजारचा डच म्हातारा सायकलवरून उतरलाच. शिकारी आहे तो. नातीनं मला उलगडून सांगितलं: त्याचे कान गेलेत, बदकं बोलवायची आपली शिट्टी बरोबर वाजते की नाही हे त्याला कळत नाही, तर आजीनं हाक द्यायला यावं, बंदूक तो धरेल. लेक म्हणाला, "आई, या वयात चिखलात?" पण मला वेगळीच खाज सुटली होती. माझ्या गळ्यात उरलंय ते खरंच तुमचं, की इतकी वर्षं घोळवून घोळवून मीच केलेलं काहीतरी? तुम्हाला ऐकलेलं आता कुणी राहिलं नाही. विचारायचं तर बदकांनाच.

तांबडं फुटायच्या आधी आम्ही शेतामधल्या पाण्याच्या चराकाठी, लव्हाळ्यात बसलो होतो. वारा पाठीशी घेऊन त्यानं प्लास्टिकची बदकं दोन घोळक्यांत सोडली होती, मधलं पाणी मोकळं. तुम्हीही ते मोकळं सोडायचात म्हणे, आणि मला वाटायचं भोपळे कमी पडले असतील. मी खुणेनं विचारलं, तर त्यानं तळहात उतरत्या पाखरासारखा अलगद त्या रिकाम्या जागेवर आणला. खरंच की, पाहुण्याला बसायला पाट नको का?

एक थवा लांबून चालला होता, शेपट्या आमच्याकडं. मी हाक दिली. वळली, आबा. अख्खा थवा कलला आणि आमच्या रोखानं यायला लागला. आपल्याकडची हळदीकुंकू बदकं वेगळी, ही वेगळी, पण बोली एकाच माहेरची असावी. शेपटी दिसली तर बोलवा, चोच दिसली की गप्प बसा, हे तुमचं सांगणं. मी मात्र बोलावतच राहिले. पाय सोडून उतरू पाहणारी बदकं बिचकली, पंख झोडत वर चढली आणि गेलीच. म्हाताऱ्यानं बंदूक खाली घेतली. "टू मच, ओमा," म्हणाला. ओमा म्हणजे त्यांच्यात आजी. रागावला नाही, थर्मासमधली कॉफी पुढं केली आणि विचारलं, हे शिकवलं कुणी? "माय फादर," मी म्हटलं. मग कधी थांबायचं ते नाही का शिकवलं त्यांनी, असं त्यानं हसत हसत विचारलं, तेव्हा मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की विसरले. घरी येऊन लेकालाही तेच सांगितलं.

हा कागद काही कुठं पोचायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. विसरले नव्हते. ती बदकं वळली तेव्हा कळलं की हाक तुमचीच आहे. मग मला तोंड मिटवेना.