शुयुनचे बावीस वाडगे

१२ सप्टेंबर

शुयुनला आज थोबाडीत मारली. एकतीस वर्षांची घोडी झाली तरी मारली.

चिनी मातीच्या बाजारात गाळे मिळालेल्यांची यादी लागली. आमच्या गाळ्यापुढे एकच नाव — नी शुयुन. मी म्हटलं, माझं छापायला विसरले असतील. ती म्हणाली, "विसरले नाहीत ताई. मी फक्त माझे वाडगे पाठवले होते."

माझ्या चहादाण्या तिने निवडीला पाठवल्याच नाहीत! "त्यांनी त्या घेतल्या नसत्या. मग दोघींचंही गेलं असतं," म्हणे. तेवढ्यावर माझा हात उठला. ती रडली नाही. गालावर माझ्या हाताची पांढरी माती उमटली होती, ती बाहीने पुसली आणि परत कामाला बसली.

१३ सप्टेंबर

ती बोलत नाही. मीही नाही.

१५ सप्टेंबर

अजून अबोला. काम मात्र बघवत नाही इतकं सुरेख चाललंय मेलीचं. चाक नाही, साचा नाही. मातीचा गोळा तळहातावर घेते आणि चिमटीने कड उचलत नेते. उजेडापुढे धरला तर पलीकडची बोटं दिसतील इतका पातळ वाडगा. बाजार दहा ऑक्टोबरला. बावीस वाडगे मांडायचे आहेत, त्यातले नऊ झाले.

हे सगळं मी शिकवलं. आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची, मी चोवीसची. आई सरकारी कारखान्यात बशा रंगवायची. घरी मला माती शिकवताना चूक झाली की बांबूची तासणी बोटांवर. आई गेल्यावर तीच तासणी मी शुयुनच्या बोटांवर चालवली. दुसरी रीत मला कुणी दाखवलीच नाही. आणि बोटं बघा तिची आज. माझ्यापेक्षा हलकी.

१८ सप्टेंबर



सकाळी भट्टीवाल्या फूकाकाकडे गेले होते, सार्वजनिक भट्टीत एक तारखेची जागा धरायला. म्हातारा म्हणाला, "काय गं, शुयुन नदीपलीकडे खोली बघतेय म्हणे? बाजार चांगला झाला की जाणार म्हणत होती." मी हसले. म्हटलं, हो तर, मीच सांगितलंय बघायला. रस्ताभर ते हसू तोंडावर तसंच ठेवून घरी आले.

घरात ती नव्हती. झिलई आणायला गेली होती. फळीवर बावीसच्या बावीस वाडगे, ओले. शेवटचे चार तर इतके मऊ की श्वास लागला तरी हलतील.

पहिल्याला ठोसा मारला तेव्हा वाटलं एकच. मग दुसऱ्याला मारला. मग थांबलेच नाही. प्रत्येकाच्या पोटात, आतून नाही, बाहेरून, मूठ वळून. शिव्या देत होते. खोली घेतेस? घे. जातेस? जा. आईचं कफन कुणी आणलं? तुझ्या शाळेची फी कुणी भरली? बावीसही संपले तेव्हा मनगटापर्यंत माती होती आणि फार बरं वाटत होतं. ते खोटं कशाला लिहू.

मग भिंतीवरचं घड्याळ दिसलं.

ती यायला तीन तास होते. एकेक वाडगा मांडीवर घेतला, आतून दोन बोटं घातली, बाहेरून ओला स्पंज धरला, दाबलेलं पोट हळूहळू बाहेर काढलं. तासलं. पाण्याचा हात फिरवला. आयुष्यात माझे हात इतके हलके कधी चालले नव्हते. ती आली तेव्हा मी वर ओलं फडकं घालून बाजूला भाजी चिरत बसले होते.

१९ सप्टेंबर

"ताई, फडकं तू घातलंस?"

"हो."

"बरं केलंस. ऊन फार होतं काल. तडकले असते."

सहा दिवसांत पहिल्यांदा बोलली. माझे आभार मानायला.

२० सप्टेंबर

आता नीट लिहिते, म्हणजे मलाच कळेल काय केलंय ते.

ही माती लक्षात ठेवते. ओली असताना एकदा वाकली की हाताने सरळ करा, घासा, वाळवा — डोळ्याला काही दिसणार नाही. भट्टीत तेराशे अंशांवर मऊ झाली की परत तशीच वाकते. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. आणि आमच्याकडे कच्च्याच भांड्यावर झिलई चढवून एकदाच भाजतात. म्हणजे आधी कळायची सोयच नाही. एकदम शेवटी.

वाडगे वाकडे निघाले तर शुयुनकडे गाळ्यावर मांडायला काही नाही. रिकामा गाळा सोडणाऱ्याला परत बोलावत नाहीत. आज सांगितलं तर नवे करायला, वाळवायला वेळ आहे. आणखी आठ दिवसांनी नाही.

आणि न सांगायचं कारण — इथे तरी खरं लिही, च्याओमेइ — ते वाकडे निघाले तर ती जाणार नाही.

२३ सप्टेंबर

गप्प बसले.

२५ सप्टेंबर

आज सांगणारच होते. शपथ.

दुपारी ती मुळ्याच्या सारणाच्या वाफवलेल्या करंज्या घेऊन आली, तिखट तेल वेगळं, मला आवडतं तसं. समोर बसली. म्हणाली, "ताई, मी विचार केला. तुझ्या दोन चहादाण्या माझ्या गाळ्यावर ठेवू. कोपऱ्यात."

"कोपऱ्यात?"

"म्हणजे — दिसतील अशा."

"तुझ्या उष्ट्यावर ठेवतेस मला?"

बशी भिंतीवर फेकली. करंजी कॅलेंडरला चिकटली आणि घसरत खाली आली. शुयुन म्हणाली, "तुझ्याशी चांगलं वागायलाही चिलखत घालून यावं लागतं." फुटके तुकडे तिनेच गोळा केले. अंगठा कापला तिचा. मी बघत बसले.

मग कसलं सांगतेय.

२९ सप्टेंबर

झिलई फवारून झाली. सांगण्यासारखं काही उरलं नाही. सांगायची वेळ निघून गेली.

वाडगे ओळीने ठेवले की पांढरेशुभ्र, गोल, निर्दोष दिसतात. शुयुन वाकून एकेकाकडे बघत होती. "आत्तापर्यंतचे सगळ्यात चांगले," म्हणाली. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि निवडीला न पाठवलेल्या माझ्या सातही चहादाण्या एकामागून एक दगडी पाट्यावर आपटल्या. तिला वाटलं बाजाराच्या रागानेच. आत येऊन फक्त म्हणाली, "एक तरी ठेवायचीस."

१ ऑक्टोबर

भट्टीपर्यंत फळी मी नेली. "तू दे, माझा खांदा सरावलेला आहे," म्हटलं. तिने दिली!

मनात ठरवलं होतं. मासळी बाजाराच्या वळणावर दगड निसरडे असतात. तिथे पाय घसरू द्यायचा. बावीसही खलास, अपघात, माझ्या ठोशाचं नाव नाही. राष्ट्रदिनाच्या सुट्टीची गर्दी होती. कच्ची भांडी खांद्यावर असलेल्याला इथे सगळे वाट देतात, आजही लोक भिंतीला चिकटून उभे राहिले.

वळण आलं. मी गुडघा सैल सोडला. आणि समोरून एक स्कूटरवाला पोंगा वाजवत आला, थेट फळीखाली. फळी हलली. माझ्या खांद्याने, कमरेने, पायांनी ती अशी सावरली की एक वाडगा दुसऱ्याला शिवला नाही. मी नाही सावरली. तीस वर्षांच्या सवयीने सावरली. मग मात्र स्कूटरवाल्याला सोडलं नाही. फळी डाव्या खांद्यावर तोलून उजव्या पायाने त्याचा आरसा तोडला. "डोळे फुटले का रे तुझे! कच्चा माल दिसत नाही?" तो माफी मागायला लागला. लोक त्यालाच शिव्या देत होते.

फूकाकाने वाडगे भट्टीत लावले. भट्टीच्या देवापुढे शुयुनने उदबत्ती लावली, मीही लावली. मी काय मागितलं ते मला सांगता येणार नाही.

४ ऑक्टोबर

काल भट्टी उघडली. आज कपाळावर सात टाके आहेत, म्हणून काल लिहिलं नाही.

फूकाकाने पहिला वाडगा काढला आणि खाली ठेवला. दुसरा. तिसरा. प्रत्येकाच्या पोटात खड्डा. चार बोटांचे ठसे असे स्पष्ट, की कालच उमटले असावेत. कड मात्र शाबूत, एकही तडा नाही. पांढरे, चकचकीत, आणि मार खाल्लेले.

फूकाका म्हणाला, "हे भट्टीचं काम नाही बरं का. माझ्या माथी मारू नका."

शुयुनने एक उचलला. माझा हात धरला. मूठ वळवली आणि खड्ड्यात घातली. भाजून माती आकसते, म्हणून मूठ पुरती बसली नाही. पण कुणाची आहे ते तिला कळलं.

"कधी?"

"अठरा तारखेला."

"आणि पंधरा दिवस तू—"

तोच वाडगा माझ्या कपाळावर हाणला. जन्मात पहिल्यांदा तिने मला मारलं. फूकाका मध्ये पडला नसता तर दुसराही हाणला असता. डोळ्यात रक्त उतरत होतं आणि मी म्हणत होते, सोड काका, मारू दे तिला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कशाने लागलं? म्हटलं, वाडग्याने.

६ ऑक्टोबर

तिने कपडे बांधले आहेत. दाराशी गाठोडं आहे. बाजार झाला की जाणार.

उरलेले एकवीस वाडगे कागदात गुंडाळत होती. मी विचारलं, हे मांडणार? म्हणाली, "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

१० ऑक्टोबर

मी गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ, तेही पट्टी बांधलेल्या?

दुपारी फूकाका आला, घाम पुसत. "अगं, संपले! जेवणाच्या आत संपले. लोक त्या खड्ड्यात बोटं घालून बघतायत. एक शांघायची बाई वाडगा छातीशी धरून उभीच राहिली, खाली ठेवेना. विचारत होती, हे कसं करता."

"शुयुन काय म्हणाली?"

"म्हणाली, माझी ताई करते."

मी आत जाऊन रडले.

११ ऑक्टोबर

शांघायच्या बाईने आणखी साठ सांगितलेत. अगदी तसेच, म्हणाली. डिसेंबरच्या आधी.

गाठोडं अजून दाराशी आहे. शुयुन दिवसभर ओल्या वाडग्यांना स्वतःची मूठ मारून बघत होती. तिची मूठ लहान. शिवाय ती मारताना कचरते, माती नुसती लाजल्यासारखी आत जाते. संध्याकाळी सगळे मोडून परत गोळा केला.

माझ्याकडे बघितलं नाही. मीही काही सुचवलं नाही.

१९ ऑक्टोबर

आज साठ ओले वाडगे माझ्यापुढे मांडले आणि म्हणाली, "मार." एकतीसपर्यंत मारले आणि माझा राग संपला, हात नुसता टेकायला लागला. शुयुनने बत्तिसावा बघितला, म्हणाली, "असला फुसका नाही चालायचा ताई," आणि सणसणीत माझ्या थोबाडीत दिली. उरलेले अठ्ठावीस चांगले झाले.