रोज सकाळची बातमी

४ जुलै
ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

मी मजेत. फक्त मानसशास्त्राच्या सरांनी माझा झोपेचा विषय परत केला, कारण निम्म्या वर्गाने तोच दिला होता. महिनाअखेरपर्यंत नवा विषय दिला नाही, तर प्रकल्पाचे गुण विसरायचे, असं सर्वांदेखत ऐकवलं.

मग आजोबा आठवले. घरात आयता विषय बसलेला असताना मी वणवण कशाला करू? आजी गेल्याचं त्यांच्या लक्षात राहत नाही. रोज सकाळी ते तिला हाक मारतात आणि तू सांगतेस, बाहेर गेलीय, येईलच. आता आठवडाभर खरं सांगून बघ. दुःख दर वेळी तेवढंच होतं की कमी होत जातं, एवढंच पाहायचंय. नाहीतरी दुपारपर्यंत विसरणारच आहेत. लगेच डोळ्याला पदर लावू नकोस.

लोभ माझ्यावर आणि विषयावरही असू दे.
तुझी बारकी

८ जुलै
चि. बारकीस, अ. उ. आ.

पत्र मिळालं. बाबांचं बरं चाललंय गं. सुई काढून ठेवलेल्या शिलाई मशीनवर पाय मारत बसतात. मी भरवलं की मुकाट्याने जेवतात, दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नाहीत. त्यांना रोज उठून बायको मेल्याचं सांगू? दुसरं काहीतरी शोध. हवं तर माझ्यावर लिही.

जिवाला जप.
तुझी आई

१२ जुलै
ती. आईस, शि. सा. न.

तुझ्यात लिहिण्यासारखं आहे काय, ते तूच सांग. सरांना हा विषय सांगितला, तर त्यांनी पहिल्यांदाच माझं नाव विचारलं. तू सांगणार नसशील तर सुट्टीत येऊन मीच सांगेन. मला तुझ्यासारखं गोड बोलता येत नाही, हे लक्षात घे.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी बारकी

२४ जुलै
चि. बारकीस आशीर्वाद.

सांगितलं. तुझ्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, असं वाटलं. बाबा लहान मुलासारखे रडले. मला आधी का नाही सांगितलंस, म्हणाले. रोज तेच.

आई गेल्याचं ते दुपारी विसरायचे, तुझं खरं झालं. पण माझा चेहरा विसरले नाहीत. मी खोलीत शिरले की भिंतीकडे सरकतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. आता पुन्हा म्हणते, ती बाहेर गेलीय, तरी कानांवर हात ठेवतात. घास पुढे केला की तोंड मिटतात. कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. मी माझ्या बापाला माझ्याच हाताने उपाशी ठेवलं.

तू ये. तुझ्याकडून त्यांनी वाईट काही ऐकलेलं नाही.
आई

२८ जुलै
ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सरांनी वर्गात वाचून दाखवलं. बातमी विसरली जाते पण भीती उरते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. विषय मंजूर झाला. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. आई, मला फार बरं वाटलं.

मला मात्र इतक्यात येता येणार नाही. शेजारच्या काकूंना भरवायला सांग आणि तू दाराआड उभी राहा. त्यांच्या हातून आजोबांनी खाल्लं, तर भीती फक्त तुझीच आहे हे पक्कं होईल. तसं लगेच कळव.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी बारकी